विसाव्याचा हिशेब

कष्टी आणि भारावलेल्या माणसांना ख्रिस्ताने जे निमंत्रण दिले त्यात काय मिळेल हे सांगताना मराठी बायबलाने 'विश्रांती' असा शब्द योजलेला नाही, 'विसावा' असा योजला आहे. ही निवड विचार करण्याजोगी आहे. विश्रांती बहुधा काम संपल्यावर घ्यावयाची असते. विसावा वाटेत घेतला जातो. पंढरीच्या वाटेवर पालखीचे विसावे निराळे आणि मुक्काम निराळे, हे कोणा वारकऱ्याला समजावून द्यावे लागत नाही. विसाव्याच्या जागी पालखी क्षणभर थांबते, माणसे घोटभर पाणी पितात आणि पुन्हा चाल सुरू होते. पुढचे अंतर तसूभरही कमी झालेले नसते. त्यातच, हे निमंत्रण देणारा लगेच पुढे जुवाची भाषा बोलतो. ओझे उतरवून ठेवण्यास बोलवायचे आणि पाठोपाठ मानेवर जू घ्यावयास सांगायचे, हा कसला विसावा, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडल्यास नवल नाही. परंतु ज्याने शेतात जू पाहिले आहे त्याला हेही ठाऊक असते की जू एकट्याच्या मानेवर बसत नाही. त्याला जोडी लागते.

ईश्वरी मार्गदर्शनावर विसंबून निश्चिंत राहण्याच्या या भाषेकडे आपल्या सुशिक्षित वर्गात सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. काहींना ती दुर्बलांची पळवाट वाटते, तर काहींना ती इतकी गोड वाटते की तिचा अर्थ तपासण्याची त्यांना गरजच भासत नाही. महिनाअखेरीस गृहकर्जाचा हप्ता आणि मुलांची फी यांची तोंडमिळवणी करणारा कारकून, दरवर्षी नव्याने मुदत वाढवून घ्यावी लागणारा कंत्राटी शिक्षक, स्पर्धा परीक्षेचा पाचवा प्रयत्न करावा की करू नये या विवंचनेत पडलेला विद्यार्थी यांना 'चिंता करू नका' असा उपदेश करणे फार सोपे आहे. त्या उपदेशाने कोणाचाही हप्ता भरला जात नाही. म्हणून ख्रिस्ती परंपरेत विश्वास आणि विसावा यांचे नाते नेमके काय आहे, आणि ज्यांनी त्या विश्वासावर आपले व इतरांचे आयुष्य लावले त्यांच्या व्यवहारात ते कसे दिसले, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

सातव्या दिवसाचे अर्थशास्त्र

या नात्याचे मूळ यहुदी धर्मशास्त्रातील शब्बाथाच्या कल्पनेत आहे. मोशेच्या मागे वाळवंटातून निघालेल्या लोकांना रोज पहाटे मान्ना नावाचे अन्न मिळत असे, अशी कथा निर्गम या पुस्तकात आहे. प्रत्येकाने त्या दिवसापुरते गोळा करावे, अशी आज्ञा होती. ज्यांनी उद्यासाठी म्हणून साठवले त्यांच्या साठ्यात सकाळी किडे पडले. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती आणि ते अन्न मात्र नासत नसे, कारण सातवा दिवस थांबण्याचा होता. साठवणूक हाच शहाणपणा मानणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकाला ही कथा प्रथमदर्शनी खटकावी अशीच आहे. पण तिचा रोख बचतीविरुद्ध नाही. कालपर्यंत मिसरच्या गुलामगिरीत विटा पाडणाऱ्या, एक दिवसही आपला म्हणून न लाभलेल्या माणसांना येथे प्रथमच शिकवले जात आहे की एक दिवस हात थांबले तरी जग थांबत नाही.

अनुवाद या पुस्तकात शब्बाथाचे कारण सांगताना गुलामगिरीची हीच आठवण पुढे केली आहे, आणि थांबण्याचा तो अधिकार घरच्या दासदासींना, परक्यांना, इतकेच काय, बैलागाढवांनाही दिला आहे. विश्रांती ही धन्याची चैन नसून चाकराचा हक्क आहे, हा विचार त्या काळी किती क्रांतिकारक होता याची कल्पना आज सहजासहजी येत नाही. आपल्याकडील अनुभव आठवला तर ती येईल. मुंबईच्या सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण गिरण्यांचे भोंगे मात्र वाजतच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करून साप्ताहिक सुट्टीची मागणी पुढे रेटली आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सत्यशोधक लोखंड्यांना ख्रिस्ती धर्मशास्त्राशी कर्तव्य नव्हते. गिरणीकामगाराच्या दृष्टीने रविवार हा खंडोबाचा वार होता. तरीही ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या अमलात सहा वर्षे झगडून हा वार मिळवावा लागला, ही गोष्ट शब्बाथाचा उच्चार करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

मालक आणि कारभारी

थांबता येण्यासाठी विश्वास लागतो, हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचा प्रश्न उभा राहतो. विश्वास ठेवणाऱ्याने हिशेब ठेवावा की नाही? येथे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे उदाहरण बोलके आहे. प्रशियात १८०५ मध्ये जन्मलेल्या या धर्मोपदेशकाने इंग्लंडमध्ये १८३० साली आपला ठरलेला पगार सोडला आणि १८३६ मध्ये अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले. कोणाही माणसाकडे पैसे मागावयाचे नाहीत आणि कर्ज काढावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. १८७० पर्यंत ॲश्ली डाऊन येथे त्यांची पाच भव्य वसतिगृहे उभी राहिली, त्यांत दोन हजारांवर मुलांची सोय होती आणि १८९८ मध्ये ते वारले तोवर सुमारे दहा हजार मुले त्यांच्या छत्राखाली वाढली होती.

म्युलर यांच्या चरित्रातील चमत्कार भाविकांना पाठ असतात. त्यांची हिशेबवही मात्र कोणाला आठवत नाही. आलेली प्रत्येक देणगी ते नोंदवीत, तिची पावती देत आणि वर्षाचा जमाखर्च छापून प्रसिद्ध करीत. हा छापील अहवाल म्हणजेच आडवाटेने केलेली याचना नव्हे काय, असे टीकाकार विचारीत, आणि तो प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. त्याचे उत्तर म्युलर यांनी वादाने दिले नाही. १८४१ च्या अखेरीस गंगाजळी जवळजवळ आटली असता, म्हणजे अहवाल प्रसिद्ध करणे सर्वांत सोयीचे होते नेमक्या त्या वेळी, त्यांनी तो कित्येक महिने पुढे ढकलला. या वृत्तीला एक जुना मराठी शब्द चपखल बसतो, तो म्हणजे कारभारी. कारभारी पैपैचा हिशेब लिहितो, कारण पैसा त्याचा नसतो. आणि वही मिटल्यावर त्याला झोप लागते, तीही त्याच कारणाने. धन्याला जागे ठेवणारी भीती मालकीची असते. ख्रिस्ती विश्वासातील विसावा जोखीम नाहीशी झाल्याने येत नाही. मालकीचा दावा सोडल्याने येतो.

केडगावची जमीन

म्युलर यांचे चरित्र वाचून ज्यांच्या मनावर खोल परिणाम झाला त्यांत पंडिता रमाबाई होत्या. या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला खरा संबंध येथे येतो, आणि तो सरळसोपा नाही. आईवडील आणि थोरली बहीण यांना दुष्काळाच्या वणवणीत गमावलेल्या, संस्कृतच्या व्यासंगामुळे कलकत्त्याच्या विद्वत्सभेत 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत विधवा झालेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराने महाराष्ट्रात जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. फारसे न सांगितले जाणारे सत्य असे की, त्या धर्मांतराने खुद्द रमाबाईंनाही शांती लाभली नव्हती. आपल्या 'साक्षी'त त्या स्पष्टपणे नोंदवतात की ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडण्यास पुढे सुमारे आठ वर्षे लागली. धर्म बदलला की मनाचा गुंता सुटतो असे मानणाऱ्या प्रचारकांना आणि धर्मांतर म्हणजे केवळ प्रलोभन असे मानणाऱ्या टीकाकारांना, दोघांनाही ही कबुली सारखीच अडचणीची आहे.

त्या आठ वर्षांत रमाबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द हाच देवाचा शब्द, हे मानण्यास रमाबाई त्या पत्रांतून वारंवार नकार देतात. एका पुरोहितशाहीचे जू झुगारून आल्यावर दुसरीचे जू मानेवर घ्यावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. ज्या स्त्रीने पुढे सर्वस्व ईश्वराच्या मार्गदर्शनावर सोपवले तीच आरंभी मार्गदर्शनाच्या नावाने आलेल्या प्रत्येक हुकमाची उलटतपासणी करीत होती. या दोन गोष्टींत विरोध पाहण्याचे कारण नाही. आपला धनी कोण हे ज्याला ठरवावयाचे आहे त्याला मधल्या मुकादमांना नकार द्यावाच लागतो.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. अमेरिकेतील मित्रांनी त्याच्या खर्चाची हमी घेतली होती, पण ती दहा वर्षांची. ही मुदत संपणार हे ओळखून रमाबाईंनी दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था आपल्या पायांवर उभी राहावी हा त्यामागील हेतू होता. विश्वासाने जगणारी व्यक्ती उद्याचा विचार करीत नाही, ही समजूत येथे पुरती खोटी ठरते. त्या जमिनीवर विहिरी खणल्या गेल्या, झाडे लावली गेली. आणि मग, बागेच्या उत्पन्नाची वेळ येण्याआधीच, १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतात मुली भुकेने मरत होत्या आणि काही त्याहून वाईट हातांत पडत होत्या. अमेरिकेची मदत शारदा सदनापुरती होती. या नव्या मुलींसाठी कोणीही एक पैशाचे वचन दिलेले नव्हते. तरीही रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. या निर्णयामागे ईश्वराची प्रेरणा होती, असे त्या सांगतात. ती प्रेरणा ज्या मनात उतरली त्या मनाने कोवळ्या वयात स्वतः उपासमार सोसली होती, हे लक्षात घेतले म्हणजे मार्गदर्शन हा शब्द थोडा कमी गूढ वाटू लागतो. पुढे १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे १,९०० जणी होत्या. त्यांना विणकाम, शेती, दूधदुभते, छपाई असे उद्योग शिकवले जात. एवढ्या तोंडांचा रोजचा शिधा, पाण्याचा तुटवडा आणि साथीचे रोग यांची नुसती कल्पना केली तरी निश्चिंतपणा या शब्दाचा अर्थ बदलतो. शिवाय ही निश्चिंतता मुकी नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविषयी रमाबाईंनी वृत्तपत्रातून सरकारला जाहीर जाब विचारला. देव पाहून घेईल म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत.

किंमत कोणी द्यावयाची?

येथपर्यंतचे चित्र उजळ आहे, परंतु त्याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, या आश्वासनावर पालकांनी आपल्या विधवा मुली तेथे धाडल्या होत्या. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक मुली काढून नेण्यात आल्या. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा अधिकार निर्विवाद होता, आणि मुलींनाही स्वतःचे मन होते. पण ज्यांनी विश्वासाने मुली सोपवल्या त्यांनाही फसगत झाल्यासारखे वाटले असेल तर त्यांना केवळ सनातनी म्हणून निकालात काढता येत नाही. ईश्वरावरचा आपला विश्वास माणसांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाला छेदू लागला म्हणजे काय करावे, याचे सुटसुटीत उत्तर त्या प्रकरणात सापडत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरातही हाच प्रश्न निराळ्या रूपात होता. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापन करून उरलेले आयुष्य पूर्णपणे ईश्वराच्या भरवशावर टाकले. हातात आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होण्याची त्यांची वृत्ती तर फार जुनी. वाचकाला ही वृत्ती लोभस वाटते. पण चूल लक्ष्मीबाईंना पेटवावयाची होती. 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला हसू आणि रडू एकदम येते ते यामुळेच. टिळकांची निश्चिंतता खरी होती, हे मान्य करूनही त्या निश्चिंततेचा हप्ता कोण भरीत होते हे विचारावेच लागते. लक्ष्मीबाई स्वतः नवऱ्यामागोमाग ताबडतोब ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी सुमारे पाच वर्षे घेतली, आणि स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच बाप्तिस्मा घेतला. विश्वास उसना मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर लावताही येत नाही, हे त्या बाईने पांडित्याचा आधार न घेता ओळखले होते.

म्हणून ईश्वराने आपल्याला अमुक करावयास सांगितले, असे कोणी म्हणाला म्हणजे त्याच्या किमतीकडे पाहिले पाहिजे. ती स्वतःच्या पदरची आहे की इतरांच्या? पुढाऱ्याला मिळालेल्या आदेशाचा भार अनुयायांच्या खिशावर पडत असेल, किंवा बापाला लाभलेल्या प्रेरणेपायी मुलाने आपली शाखा बदलावी असा आग्रह असेल, तर त्या आदेशाकडे संशयाने पाहणे हे नास्तिकपणाचे लक्षण नव्हे. म्युलर या बाबतीत फार सावध होते. एखाद्या प्रश्नात ईश्वराची इच्छा शोधताना पहिले काम म्हणजे आपल्या मनाचा कल शून्यावर आणणे, असे ते सांगत. हेच सर्वांत अवघड, असेही त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर शास्त्रवचन, परिस्थिती, प्रार्थना आणि विचार अशा क्रमाने ते जात. बायबल डोळे मिटून उघडावे आणि बोट पडेल त्या ओळीवर नोकरी धरावी अथवा सोडावी, हा प्रकार श्रद्धेचा म्हणून मिरवला जातो खरा, पण सोडतीच्या तिकिटाहून तो फारसा निराळा नाही.

मार्ग दिसत नसेल तेव्हा काय, याविषयी जुन्या करारातील एलीया या संदेष्ट्याची कथा अर्थपूर्ण आहे. राणीच्या धमकीला भिऊन पळालेला, थकलेला, आता मरण यावे असे म्हणणारा हा माणूस वाळवंटात एका झुडपाखाली आडवा होतो. त्याला दूत भेटतो, परंतु तो उपदेश करीत नाही, धीरही देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवून उठून खा, एवढेच सांगतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा जागे करून पुन्हा खावयास दिले जाते. पुढे काय करावयाचे याचे मार्गदर्शन त्याला मिळते ते यानंतर चाळीस दिवसांची वाट चालल्यावर. दमलेल्या माणसाला आधी निर्णय विचारावयाचा नसतो, एवढा व्यवहार त्या कथाकाराला कळत होता. परीक्षेच्या निकालानंतर खोलीत स्वतःला कोंडून घेणाऱ्या मुलाला, अथवा नोकरी गेल्याच्या रात्री भविष्याचे आराखडे मांडू पाहणाऱ्या गृहस्थाला, घरच्यांनी वाढलेले ताट आणि विझवलेला दिवा हे कोणत्याही प्रवचनापेक्षा जवळचे वाटेल.

रमाबाईंच्या वाट्यालाही अखेरीस सुखाचा शेवट आला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत त्यांचे शरीर थकले होते आणि ऐकू येणेही कमी झाले होते. एकुलती एक मुलगी मनोरमा हीच संस्थेचा भार पुढे वाहणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ती जुलै १९२१ मध्ये वारली. विश्वासाचे फळ म्हणून संरक्षण मिळते असा जो हिशेब अनेक भाविक मनाशी मांडत असतात तो येथे कोसळतो, आणि तो कोसळलेलाच बरा. रमाबाईंनी त्यानंतरही आपले काम चालू ठेवले. ते काम होते मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचे. त्यासाठी त्या दोन्ही भाषा प्रौढ वयात शिकल्या होत्या आणि या भाषांतरावर त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला तेव्हा ते भाषांतर हातावेगळे झालेले होते. केडगावच्या छापखान्यात त्या पानांचे खिळे जुळवण्याचे, छापण्याचे आणि बांधणीचे काम मुक्ती सदनातील स्त्रियाच करीत होत्या.